ठिपक्याचा आकार कोण ठरवतो?

छापखान्याच्या यंत्राला करडा रंग छापता येत नाही. काळी शाई कागदाला लागते किंवा लागत नाही, एवढंच. मग छापील चेहऱ्यावर सावली येते कुठून? लहानमोठ्या ठिपक्यांतून. दुरून बघताना डोळा ते एकत्र करतो. याला आपण हाफटोन म्हणतो.

यात एक देवघेव असते. ठिपक्याहून बारीक जे असेल, पापणीचा केस म्हणा किंवा काठाची नक्षी, ते हरवतं. जाळी बारीक घेतली तर तपशील वाढतो. पण खरखरीत कागदावर शाई पसरून सावल्या बुजतात. म्हणून वर्तमानपत्राला इंचाला साधारण ६५ ते ८५ रेघांची जाळी वापरत, तर गुळगुळीत आर्ट पेपरला १३३ किंवा १५०.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जाळी प्लेटपासून किती दूर ठेवायची, भिंगाचं छिद्र किती उघडायचं, हे पुष्कळदा कारागिराचा अंदाज ठरवी. कोलकात्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी, म्हणजे सत्यजित राय यांचे आजोबा, यामागचं कारण शोधू लागले. ते स्वतः चित्रकार आणि मुलांचे लेखक. १८९५च्या सुमारास त्यांनी लंडनहून सामग्री मागवली, आणि १८९७पासून लंडनच्याच 'पेनरोज' वार्षिकात त्यांचे लेख येऊ लागले.

मुद्दा असा. जाळीतलं प्रत्येक भोक हा एक चिमुकला कॅमेराच आहे. तो प्लेटवर भिंगाच्या छिद्राची प्रतिमा पाडतो. म्हणजे छिद्र बदललं की ठिपका बदलतो. मग जाळीचं अंतर गणिताने ठरवता येतं. रेघा ९० ऐवजी ६० अंशांत छेदून बघता येतात. एका छिद्राच्या जागी अनेक छिद्रं ठेवली, तर त्याच जाळीतून जास्त ठिपके मिळतात.

इथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने थांबावं. नुसता पाठ केलेला नियम सगळ्या चित्रांना एकाच मापाने मोजतो. नियमाचं कारण ज्याला कळलं, तो समोरच्या चित्राप्रमाणे नियम वळवू शकतो.

१९७६मध्ये फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी संगणकासाठी ठरीव जाळीच काढून टाकली. प्रत्येक बिंदूवर झालेली चूक शेजारच्या बिंदूंत वाटून द्यायची, आणि ठिपका कुठे पडेल हे चित्रालाच ठरवू द्यायचं. साधनं वेगळी, प्रश्न मात्र जुनाच होता.

१९१३ साली उपेंद्रकिशोरांनी मुलांसाठी 'संदेश' मासिक काढलं. लंडनच्या तज्ज्ञांसाठी मांडलेलं ते सगळं गणित अखेर बंगाली मुलांच्या हातातल्या चित्रांच्या कामी आलं. ज्ञान कशासाठी, या प्रश्नाचं मला हे एक चांगलं उत्तर वाटतं.