मिनी ट्रॅक्टरचा क्लच आणि गिअरबॉक्स: कोणत्या अवजाराला काय लागतं?

मिनी ट्रॅक्टर घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'किती एचपीचा?' दुसरा प्रश्न किमतीचा आणि तिसरा अनुदानाचा. क्लच सिंगल आहे की ड्युअल आणि गिअरबॉक्स कोणता, हे बऱ्याचदा अवजार जोडल्यावरच कळतं. तोवर पैसे गेलेले असतात.

एकाच एचपीचे दोन ट्रॅक्टर एकाच रोटाव्हेटरला किंवा फवारणीच्या ब्लोअरला वेगवेगळं काम देऊ शकतात. याचं कारण क्लच आणि गिअरबॉक्समध्ये असतं. ते समजून घेऊया.

अहिल्यानगरमध्ये हा प्रश्न महत्त्वाचा का?

अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यात गोदावरी आणि प्रवरेच्या काठी ऊस आहे. राहाता आणि संगमनेर भागात डाळिंब आहे, श्रीगोंद्यात लिंबू आहे आणि पारनेरसारख्या तालुक्यांत कांदा आहे. उसाच्या सरीतून किंवा डाळिंबाच्या दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर नेता येत नाही. त्यामुळे 15 ते 30 एचपीच्या अरुंद ट्रॅक्टरला मागणी असते.

पण एकाच ट्रॅक्टरकडून आंतरमशागत, रोटाव्हेटर, फवारणी आणि ट्रॉली ओढणं अशी सगळी कामं हवी असतात. या प्रत्येक कामाची गरज वेगळी असते.

पीटीओ म्हणजे काय?

ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा एक दांडा असतो, त्याला पीटीओ म्हणतात. रोटाव्हेटर, ब्लोअर, पाचट कुट्टी यंत्र ही अवजारं त्याच्यावर चालतात. नांगर, कल्टिव्हेटर, सरी रिजर आणि ट्रॉली नुसती ओढली जातात, त्यांना पीटीओ लागत नाही.

पीटीओचा प्रमाणित वेग मिनिटाला 540 फेरे आहे. इंजिन ठरावीक वेगाने फिरत असेल तरच तो मिळतो. म्हणून पीटीओचं काम करताना ट्रॅक्टर हळू चालवायचा असेल, तर ॲक्सिलरेटर कमी करून चालत नाही. तसं केलं तर अवजारही मंदावतं. वेग गिअरनेच कमी करावा लागतो.

क्लचचे तीन प्रकार

सिंगल क्लच: एकच पेडल आणि एकच क्लच प्लेट. पेडल दाबलं की चाकं आणि पीटीओ दोन्हींची ताकद तुटते. गिअर बदलताना रोटाव्हेटर मातीतच थांबतो आणि पुन्हा सुरू होताना सगळा भार एकदम प्लेटवर येतो. ओढायच्या अवजारांना मात्र हा क्लच पुरेसा असतो. तो स्वस्त असतो आणि दुरुस्तीलाही सोपा असतो.

ड्युअल क्लच: पेडल एकच, पण टप्पे दोन. अर्धं दाबलं की चाकं थांबतात आणि पीटीओ फिरत राहतो. पूर्ण दाबलं की दोन्ही थांबतात. रोटाव्हेटरपुढे घट्ट माती साचली, तर ट्रॅक्टर थांबवून पात्यांना ती कापू देता येते.

स्वतंत्र पीटीओ क्लच: पीटीओसाठी वेगळा लिव्हर किंवा स्विच असतो. पायाच्या पेडलचा पीटीओशी संबंध नसतो. ट्रॅक्टर चालू असतानाही पीटीओ सुरू किंवा बंद करता येतो. फवारणी आणि कुट्टीसाठी हा सर्वांत सोयीचा असतो.

या प्रकारांना कंपन्या वेगवेगळी नावं देतात. 'डबल क्लच' हा शब्द कोणी दुसऱ्या प्रकारासाठी वापरतं, तर कोणी तिसऱ्या. म्हणून नावावर न जाता चालवून पाहणं चांगलं.

गिअरचं गणित: दोन उदाहरणं

रोटाव्हेटर: समजा रोटर मिनिटाला 200 फेरे घेतो आणि एका चकतीवर एका बाजूला तीन पाती आहेत. ट्रॅक्टर ताशी 3 किलोमीटरने चालला तर प्रत्येक पातं सुमारे 8 सेंटीमीटर माती कापतं. वेग ताशी 2 किलोमीटर केला तर हाच तुकडा साडेपाच सेंटीमीटरवर येतो. कांद्यासाठी भुसभुशीत जमीन हवी असेल, तर हा फरक मोठा आहे.

ॲक्सिलरेटर कमी केला तर चाकं आणि रोटर दोन्ही सारखेच मंदावतात, त्यामुळे तुकडा तेवढाच राहतो. तो लहान करायला खालचा गिअरच लागतो.

ब्लोअर: डाळिंबाच्या ओळींत 4.5 मीटर अंतर आहे आणि ब्लोअर मिनिटाला 30 लिटर द्रावण फेकतो, असं धरू. ताशी 2.5 किलोमीटर वेगाने एकरी सुमारे 650 लिटर द्रावण पडतं. ताशी 4 किलोमीटर वेगाने ते 405 लिटरवर येतं. म्हणजे एक गिअर वर टाकला तर झाडाला मिळणारं औषध एक तृतीयांशाहून जास्त कमी होऊ शकतं.

म्हणून एकूण गिअर किती, यापेक्षा ताशी 1 ते 4 किलोमीटरच्या दरम्यान किती गिअर आहेत, हे विचारायला हवं. काही ट्रॅक्टरना अतिशय हळू चालणारा क्रीपर गिअरही असतो. असा गिअर नसेल तर अनेकजण हाफ क्लचवर काम काढतात. त्यात प्लेट घसरते, तापते आणि लवकर जळते.

गिअरबॉक्स कोणता?

- स्लायडिंग मेश: गिअर सरकून एकमेकांत बसतात. बदलण्यासाठी ट्रॅक्टर थांबवावा लागतो, नाहीतर दाते घासतात. एकाच गिअरमध्ये तासन्‌तास चालणाऱ्या मशागतीला हा चालतो.
- कॉन्स्टंट मेश: गिअर कायम एकमेकांत अडकलेले असतात. बदल सोपा होतो, आवाज आणि झीज कमी होते.
- सिंक्रोमेश: गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा केला जातो. त्यामुळे चालत्या ट्रॅक्टरमध्ये गिअर बदलता येतो. ट्रॉली वाहतुकीला याचा फायदा होतो.
- हायड्रोस्टॅटिक: तेलाच्या दाबावर चाकं फिरतात. पीटीओचा वेग तसाच ठेवून चाल हवी तेवढी कमी-जास्त करता येते. जपान आणि अमेरिकेत छोट्या ट्रॅक्टरमध्ये हा प्रकार आढळतो, भारतात तो क्वचित दिसतो. तो महाग असतो आणि काही ताकद उष्णतेत वाया जाते.

वारंवार मागे-पुढे करावं लागत असेल, उदाहरणार्थ लोडर किंवा अरुंद बांधावर वळताना, तर शटल गिअर उपयोगी पडतो. त्यात एकाच लिव्हरने पुढची-मागची दिशा बदलते.

सुरक्षेचं काय?

540 फेरे म्हणजे सेकंदाला 9 फेरे. उपरणं, बाही किंवा पदर दांड्यात अडकला तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. दांड्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढू नका.

ड्युअल क्लचमध्ये पेडल अर्धं दाबलं की ट्रॅक्टर थांबतो, पण अवजार फिरत असतं. पात्यात अडकलेली पाचट काढायची असेल तर पीटीओ बंद करा, इंजिन बंद करा आणि दांडा पूर्ण थांबल्यावरच खाली उतरा.

सिंगल क्लचचा धोका वेगळा आहे. कुट्टी यंत्रासारखं जड फिरणारं अवजार क्लच दाबल्यावरही आपल्या गतीने गिअरबॉक्सला फिरवतं आणि ट्रॅक्टर पुढे ढकलला जाऊ शकतो. ओव्हररनिंग क्लच हा छोटा सुटा भाग पीटीओवर बसवला तर हे टळतं.

खरेदीआधी काय तपासाल?

1. इंजिनचा नाही, पीटीओचा एचपी विचारा. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय चाचणी संस्थेच्या अहवालात तो दिलेला असतो.
2. पीटीओ सुरू करून पेडल अर्धं दाबायला लावा. दांडा फिरत राहतो का, ते लांबूनच पाहा.
3. प्रत्येक गिअरमधल्या वेगाचा तक्ता मागा.
4. आपल्या कामांची यादी करा. नुसती बाळबांधणी, मोठी बांधणी आणि ट्रॉली असेल तर सिंगल क्लच पुरेल. ब्लोअर किंवा रोटाव्हेटर वर्षभर चालणार असेल तर ड्युअल किंवा स्वतंत्र पीटीओसाठी जास्त पैसे मोजणं परवडतं.
5. जमीन दगडगोट्यांची असेल तर अवजाराच्या दांड्याला स्लिप क्लच किंवा तुटणारा बोल्ट आहे का, ते पाहा. दगड लागल्यावर तो गिअरबॉक्सला वाचवतो.

सल्ल्यासाठी बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रं आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. तिथे जाताना ट्रॅक्टरचं मॉडेल, जोडायची अवजारं आणि ओळीतलं अंतर लिहून न्या.