पोतेरे

१. पोतेरे : जुनेराच्या चिंध्यांचा बोळा, ज्याने पावस-पूर्णगड परिसरातील मातीच्या घरांत ओटी, माजघर आणि विशेषतः चूल शेणाने सारवण्याचा रिवाज होता; रात्री निवालेल्या चुलीवर ते फिरविल्यावाचून स्वयंपाकघराची आवराआवर पुरी झाली असे गृहिणी मानीत नसे. शिडाच्या जहाजांवर वरच्या फळ्या पुसण्याचे असेच कार्य जीर्ण दोरांच्या सुतांचा जुडगा काठीस बांधून खलाशी करीत, आणि तेही समुद्राच्या खाऱ्या पाण्याने, कारण गोड्या पाण्याने लाकूड लवकर कुजते, तर वरच्या फळ्या उन्हात कोरड्या पडल्यास आक्रसून त्यांच्या सांधी उघडतात व पाणी आत उतरते. ‘फडके’ या सरसकट शब्दात शेणामातीचा हा संस्कार उरत नाही. सबब मूळ पाठातील ‘पोतेरे’ हाच शब्द कायम ठेविला आहे. — संपादक