ख्रिस्ती दान आणि त्याचा मोबदला



सुगी झाली, खळे उठले, की खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळींत देवाची उपकारस्तुती होते. कुणी पायलीभर ज्वारी आणतो, कुणी भोपळा, कुणी कोंबडी, तर कुणी रुमालात बांधलेली चार नाणी. हे देवापुढे ठेवायचे आणि त्यातून पाळकाचा निर्वाह व गोरगरिबांची मदत चालवायची, अशी ही रीत. आता कुणाच्याही मनात प्रश्न येईल, की देवाला दिले तर देव परत देतो काय? आणि देतो तर ते पैशाच्या रूपाने देतो काय?

हा प्रश्न आज विचारण्याचे कारण आहे. 'शंभर द्या, हजार मिळतील. दान म्हणजे बी, पेराल तसे उगवेल' अशी शिकवण विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेतल्या काही प्रचारकांनी पसरवली. दूरचित्रवाणीवरून ती आपल्याकडेही आली. पेरणीची भाषा शेतकऱ्याला चटकन पटते. पण कोरडवाहू रानात राबणाऱ्या माणसाने या आशेवर उसनवारी करून दान दिले, तर पुढे सावकाराच्या दारात त्यालाच उभे राहावे लागते. म्हणून इतिहास काय सांगतो ते पाहू.

जुन्या करारातला मलाखी संदेष्टा म्हणतो, की दशमांश भांडारात आणा, म्हणजे देव आकाशाची दारे उघडील. हाच आधार हे प्रचारक देतात. परंतु तो दहावा हिस्सा होता कुणासाठी? ज्यांच्या वाट्याला जमीन आली नव्हती ते लेवी, परके, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. शिवाय आशीर्वाद सांगितला तो पिकाच्या रक्षणाचा, आणि तोही सगळ्या राष्ट्राला. एकेकट्या दात्याला दामदुपटीचे वचन त्यात नाही.

दहाव्या हिश्शाची ही कल्पना नांदेडकरांना परकी वाटू नये. शीख परंपरेतही कमाईचा दहावा हिस्सा काढतात; त्याला दसवंध म्हणतात. गुरु गोविंदसिंगांनी १७०८ साली जिथे देह ठेवला, त्या नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो. पंगतीत बसलेल्याला ठाऊक नसते की अन्न कुणाचे, आणि देणाऱ्याला ठाऊक नसते की ते कुणी खाल्ले. मग परतफेड मागायची कुणाकडे?

आपल्या गावगाड्यातही हा भेद होताच. सुताराने वर्षभर पाभर, वखर दुरुस्त केले, की खळ्यावर त्याला बलुते मिळे. ते दान नव्हे, कामाचा हक्क. दारी आलेल्या भुकेल्याला पसाभर दाणे घालायचे, ते मात्र दान. देवाला देऊन वर दसपट मागणारा माणूस देवालाच बलुतेदार करून ठेवतो, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आता मराठी ख्रिस्ती माणसांकडे वळू. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. त्यासाठी अमेरिकेतल्या बोस्टन शहरी १८८७ साली मंडळ स्थापन झाले होते आणि त्याने दहा वर्षे मदत देण्याचे पत्करले होते. दुष्काळांच्या वर्षांत रमाबाईंनी निराधार मुलींना पुण्याजवळच्या केडगावी आणले. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. शेती, विणकाम, छपाई अशी कामे मुली तिथे शिकल्या. ज्यांनी पैसे पाठवले, त्यांना त्यावर व्याज मिळाले नाही. मिळाले ते वर्षाचे अहवाल. पैसा कुठे गेला, किती मुली शिकल्या, हे त्यांना वाचायला मिळे. दानाचे फळ आले ते त्या मुलींच्या आयुष्यात.

दुसरे उदाहरण कवी नारायण वामन टिळकांचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. धर्मसेवा पगारासाठी होऊ नये, असे त्यांना वाटे. घरात येईल ते देऊन टाकण्याचा त्यांचा स्वभाव होता. त्यापायी संसाराची किती ओढाताण झाली, हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त मोकळेपणाने लिहिले आहे. टिळकांच्या दानाने त्यांचे घर श्रीमंत झाले नाही. उलट त्या दानाची किंमत घरच्या बाईला मोजावी लागली, हेही शिक्षकांनी मुलांना सांगावे.

मोबदल्याचे आमिष दाखवले म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी जरा दूर, युरोपात जाऊ. सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून माफीची पत्रे दिली जात. रोमच्या सेंट पीटर मंदिराच्या बांधकामासाठी हा पैसा आहे, असे लोकांना सांगत. प्रत्यक्षात त्यातला निम्मा पैसा माइन्झच्या आर्चबिशपचे सावकारी कर्ज फेडण्याकडे जाई, आणि देणाऱ्या गोरगरिबांना त्याचा पत्ता नव्हता. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने या व्यवहाराविरुद्ध लेखी आवाज उठवला, आणि त्यातून युरोपच्या धर्मजीवनाला नवे वळण लागले.

याउलट संत पौलाची रीत पाहा. यरुशलेमच्या गरिबांसाठी त्याने निरनिराळ्या मंडळ्यांतून वर्गणी जमवली. मासेदोनियातल्या मंडळ्या तर स्वतःच दरिद्री होत्या, तरी त्यांनी दिले. ती रक्कम पौलाने एकट्याच्या हाती ठेवली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने बरोबर घेतली, कारण पैशाच्या बाबतीत कुणी बोट दाखवू नये, ही त्याची काळजी. तो पेरणीची उपमाही देतो. पण त्याच्या मते देणाऱ्याला भरपूर मिळते ते अशासाठी, की त्याला पुन्हा दुसऱ्याला देता यावे. एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरून निघावी, एवढाच त्याचा हेतू.

तेव्हा मंडळी, या इतिहासातून दोन गोष्टी निघतात. दात्याने मोबदला मागू नये. पण दिलेल्या पैशाचा हिशोब जरूर मागावा, आणि घेणाऱ्याने तो न मागता द्यावा. मोबदल्याची हमी देणारा आणि हिशोबाला टाळाटाळ करणारा माणूस एकच असेल, तर गाठीचा पैसा गाठीलाच असू द्यावा. लातूर भागात ३० सप्टेंबर १९९३ रोजी भूकंप झाला, तेव्हा देशभरातून नाना धर्मांच्या लोकांनी मदत धाडली. त्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या. त्या मदतीतून आपल्याला काय मिळेल, असे कुणी विचारत बसले नाही. ढिगाऱ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला पांघरूण मिळाले की नाही, हे विचारणे मात्र रास्तच होते.