आधी मजुरी, मग मोर

भोपाळच्या मोठ्या तलावाकाठचं भारत भवन चार्ल्स कोरियांनी उभारलं आणि १३ फेब्रुवारी १९८२ ला इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं, हे सगळीकडे छापलेलं असतं. मला त्याआधीची हकीकत जास्त मोलाची वाटते.

बांधकामावर ओझी वाहणाऱ्या बायकांत झाबुआकडच्या पिटोलची भूरीबाई होती. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी तिला म्हटलं, गावी भिंतीवर काढता ते इथे कागदावर काढ. पण चित्र काढत बसलं तर रोज बुडणार! तो त्यांनी भरून दिला, तेव्हा बाई बसली. पिठोऱ्याचा घोडा भिल्लांत पुरुषांनीच काढायचा, म्हणून तिनं मोर काढले, झाडं काढली. २०२१ साली तिला पद्मश्री मिळाली.

कलेला आश्रय वगैरे आपण मोठ्या तोंडानं बोलतो. घर चालवणारीला त्या रोजाचा अर्थ लगेच कळतो.

पाटणगढचा गोंड पोरगा जनगढ सिंह श्याम, त्यालाही स्वामीनाथननीच आणलं. भारत भवनात नोकरी लागली, तशी त्याच्या घरी भाऊबंदांची रीघ लागली. त्याच्या चित्रांत रंग भरता भरता तेही चित्रकार झाले. भज्जू श्याम त्यांतलाच. खरी शाळा ती, त्या घरातली.

२००१ मध्ये जपानच्या मिथिला म्युझियममध्ये कामाला गेलेल्या जनगढनं तिथेच जीव दिला. परमुलखात त्याच्याजवळ घरचं कुणी नव्हतं. त्याची मुलगी आज भोपाळात चित्रं काढते. पूर्वीच्या जपानवारीवरून तिचं नाव ठेवलेलं आहे, जपानी.