दिनविशेष : २४ फेब्रुवारी १९६७
हैदराबादचे अखेरचे निजाम मीर उस्मान अली खान यांचे आजच्या दिवशी किंग कोठी येथे निधन झाले. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले होते, त्यानंतर मिळालेले राजप्रमुखपदही १९५६ मध्ये संपले होते. तरीही अंत्ययात्रेला शहर लोटले. जुदी मशिदीत त्यांचे दफन झाले. तारनाक्यालगतचे उस्मानिया विद्यापीठ ही त्यांची मोठी देणगी. पण तिथूनच १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ गाणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले आणि अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. निजाम राजवटीच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा जुलूम सोसलेल्या, तेव्हा संस्थानात असलेल्या मराठवाड्यातील घरांनी या मृत्यूचा शोक करावा, अशी अपेक्षा कोणी धरू नये. त्या घरांसाठी मुक्तीचा दिवस १७ सप्टेंबर १९४८ हाच.