कसाऱ्याच्या वाटेवरचा यवन

ग्रीक संस्कृतीचे अवशेष पाहावयाचे तर भूमध्य समुद्रातील सिसिली बेट गाठावे, असे जाणकार सांगतात. ते खरेही आहे. त्या बेटावरील सिराक्यूज नगरीत ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात बांधलेले अथेना देवीचे मंदिर होते. इसवी सनाच्या सातव्या शतकात त्याचेच कॅथेड्रल झाले आणि मंदिराचे भक्कम डोरिक स्तंभ आजही चर्चच्या भिंतीत उभे आहेत. रोमला जाताना संत पौल याच नगरीत तीन दिवस राहिला होता, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. परंतु एका यवनाने उभारलेले धर्मस्थान पाहण्यासाठी इतके दूर जाण्याची गरज नाही. आम्हांला त्यासाठी कसाऱ्यापर्यंतचे लोकलचे तिकीट आणि पुढे नाशिकच्या टॅक्सीतील एक जागा पुरेशी झाली.

कसारा हे मुंबईच्या लोकलचे या मार्गावरील शेवटचे स्थानक. लोहमार्ग येथे १८६१ साली पोचला आणि १८६५ साली थळघाट चढून इगतपुरीस गेला. ३७ फुटांमागे १ फूट असा तो चढ; गाड्यांना मागून जादा इंजिने लावण्याची प्रथा त्यामुळेच पडली. पण ही वाट रेल्वेहून फार जुनी. सोपारे आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल पठारावर न्यावयाचा तर सह्याद्री ओलांडणे भाग होते. नाशिककडे जाणाऱ्यांना थळघाट, तर जुन्नरकडे जाणाऱ्यांना मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याहून चढणारा नाणेघाट. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील प्रवासग्रंथात या दोन्ही बंदरांची नावे आहेत. कल्याणकडे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, अशी तक्रारही त्यात नोंदली आहे.

टॅक्सी घाट चढू लागली तेव्हा शेजारच्या प्रवाशाने आमचे नाव विचारले. आडनाव ऐकून तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “तुम्ही मूळचे कुठले?” आम्ही म्हणालो, “वसईचे.” तो हसून म्हणाला, “ते झालं हो, पण मूळचे?” त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, निव्वळ कुतूहल होते. तरीही तो प्रश्न आमच्यासोबत नाशिकपर्यंत आला.

मुंबई-आग्रा रस्त्यालगतच त्रिरश्मी डोंगर आहे. लोक त्यावरील लेण्यांना पांडवलेणी म्हणतात. वास्तविक ती बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली आहेत. पायऱ्या चढून आम्ही सतराव्या लेण्यापाशी आलो. ओसरीत आखूड खांब आहेत आणि त्यांच्या माथ्यावर हत्ती व माहूत कोरलेले आहेत. ग्रीक शिल्पाची खूण शोधणाऱ्याची येथे निराशा होते. ही खूण दगडाच्या घडणीत नाही, दरवाजावरील अक्षरांत आहे.

लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. लेख सांगतो की, हे लेणे, आतील चैत्य आणि पाण्याची टाकी धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने आपल्या आईवडिलांसाठी खोदविली आणि पुत्र धम्मरक्षितासह ती संघाला दिली. हा दाता स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्री नगरीचा यवन म्हणवितो. डिमिट्रियस या ग्रीक राजाच्या नावाने वसलेल्या नगरीशी अभ्यासक दत्तामित्रीचा संबंध जोडतात. ‘यवन’ हा शब्दही आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून आला. मुसलमानांसाठी तो पुष्कळ पुढच्या काळात वापरला जाऊ लागला. नवल असे की, अशोकाच्या काळी अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धर्मप्रसारासाठी आलेल्या भिक्षूचे नाव ‘महावंस’ ग्रंथात यवन धम्मरक्षित असेच दिले आहे. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे १८८२ साली सोपाऱ्यास आणि १९५६ साली वसईच्या भुईगावात सापडले, हे येथे आठवावे.

याच डोंगरावर थोड्या अंतरावर तिसरे लेणे आहे. त्यातील लेखात राजमाता गौतमी बलश्री आपल्या पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी गाते. शक, यवन आणि पह्लव यांचा संहार करणारा, हे त्यातील एक विशेषण. म्हणजे एका लेण्यात यवनांच्या विनाशाचा अभिमान आणि दुसऱ्यात यवनाने श्रद्धेने दिलेले दान! एका अक्षरानेही दुसरे अक्षर खोडलेले नाही. भिक्षूंनी यवनाचे लेणे स्वीकारले आणि त्याच्या टाक्यांतील पाणी प्याले.

इंद्राग्निदत्ताचे नाव इथल्या वळणाचे, त्याच्या पित्याचे व पुत्राचेही तसेच. त्याने या भूमीतला धर्म स्वीकारला, तिच्याच भाषेत लेख कोरविला. तरी आपले यवन असणे त्याने लपविले नाही आणि ते सांगताना त्याला संकोचही वाटला नाही. आमची गोष्ट त्याच्या उलट आहे. त्याचे मूळ बाहेरचे आणि नाव इथले; आमचे मूळ इथले आणि नाव बाहेरचे. दोघांनाही विचारला जाणारा प्रश्न मात्र एकच.

सायंकाळी कसाऱ्याला उतरलो तेव्हा लोकल उभी होती. सकाळच्या प्रवाशाला काय उत्तर द्यावयास हवे होते, हे आता उमगले होते. त्याला म्हणावयास हवे होते, “मूळचे वसईचेच, पण पाथर्डी फाट्याशी जरा थांबू या, एका माणसाची ओळख करून देतो.” वाचकांनीही कधी नाशिकला जाताना तेवढी वाट वाकडी करावी.