जयसिंगपूरचा एक खटला व तंबाखूचा जुना युक्तिवाद

जयसिंगपूर ही शाहू छत्रपतींनीं आपले जनक जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्या नांवानें वसविलेली पेठ. तंबाखूच्या व्यापाराशीं या टापूचा संबंध जुना आहे. परंतु तंबाखूच्या इतिहासांत त्याचें स्थान कायम केलें तें एका अलीकडील न्यायनिर्णयानें. त्याचें मर्म कळण्यासाठीं प्रथम एक फारसी साधन पाहूं.

अकबराचा सेवक असदबेग हा इ. स. १६०४ च्या सुमारास विजापुराहून परतला, तेव्हां त्यानें बादशहापुढें तंबाखू व शृंगारलेला हुक्का ठेविला. ही हकीकत त्यानें स्वतःच लिहून ठेविली आहे. दरबारांत तंबाखूची ओळख औषध म्हणून करून देण्यांत आली. हकिमानें हरकत घेतली कीं, आमच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाहीं व गुणदोष पारखलेले नाहींत. असदबेगानें उत्तर दिलें कीं, फिरंग्यांतील शहाण्यांनीं ती विचारपूर्वकच स्वीकारली असणार. बादशहानें या उत्तराची तारीफ केली, पण ती संवय स्वतः लावून घेतली नाहीं. व्यापाऱ्यांनीं मात्र विक्री आरंभिली व व्यसन झपाट्यानें पसरलें. जहांगिरानें १६१७ मध्यें केलेली मनाईही टिकली नाहीं. हकिमाचा प्रश्न शरीराचा होता. त्यास उत्तर मिळालें तें प्रतिष्ठेचें.

आतां प्रस्तुत खटला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें १ ऑगस्ट २००२ पासून पांच वर्षें गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली. तिला आव्हान देणाऱ्यांत जयसिंगपूर परिसरांतील गोदावत पानमसाला ही पेढी होती व निकाल तिच्याच नांवें ओळखिला जातो. ऑगस्ट २००४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती बंदी रद्द केली. दाद मागणें हा पेढीचा हक्कच होता. निकालाचा कणा अधिकाराचा आहे: अशी बंदी हा धोरणाचा विषय असून तात्कालिक संकटापुरता अधिकार असलेल्या अधिकाऱ्यास ती घालतां येत नाहीं. येथेंही शरीराचा प्रश्न मागें पडला.

पुढें २००६ चा अन्नसुरक्षा कायदा झाला. २०११ च्या नियमानें अन्नांत तंबाखू व निकोटीन मिसळण्यास मनाई झाली. आणि २०१२ मध्यें महाराष्ट्रानें पुन्हां बंदी केली. तिची मुदत एक वर्षाची असल्यानें आदेश दरवर्षीं नवा काढावा लागतो. बंदी येतांच पानमसाला एका पुडींत व तंबाखू दुसऱ्या पुडींत विकली जाऊं लागली. गिऱ्हाइकानें दोन्ही हातावर एकत्र केल्या कीं गुटखा तयार. विजेच्या सिगारेटीचें समर्थन व्यसन सोडविण्याचें साधन म्हणून झालें. अकबराच्या दरबारांतील ‘औषध’ तें हेंच. २०१९ च्या कायद्यानें तिच्या विक्रीस भारतांत बंदी झाली.

अमेरिकेंत १९९८ च्या तडजोडींनीं सिगारेट कंपन्यांचे अंतर्गत कागद सर्वांस खुले झाले. त्यांवरूनच, धोका ठाऊक असतांनाही त्याविषयीं संशय कसा पेरला गेला, हें सिद्ध करतां आलें. आमच्याकडे असा संग्रह नाहीं. म्हणून आमची संग्राहकांस विनंति आहे कीं, जुन्या पुड्या, जाहिराती, दुकानांचे फलक व वखारींच्या वह्या टाकूं नयेत. मिळाल्याची तारीख व ठिकाण नोंदवून त्या दप्तरांइतक्याच काळजीनें जपाव्या. असदबेगानें आपली बाजू लिहून ठेविली म्हणूनच हकिमाची हरकत आज आपणांस वाचावयास मिळते.